पटाची चौसष्ट घरं आणि पुढची तीन

बुद्धिबळाच्या पटावर गहू मागणाऱ्या शहाण्याची गोष्ट आपण सगळ्यांनी कधी ना कधी ऐकलेली असते. राजा खूश झाला आणि म्हणाला, माग काय हवं ते. शहाणा म्हणाला, महाराज, पटाच्या पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा ठेवा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार. असं दुप्पट करत चौसष्टाव्या घरापर्यंत जा आणि होतील तेवढे दाणे मला द्या. राजाला हसू आलं. एवढंच? मग कोठारावरचा कारकून हिशेब करायला बसला आणि राजाचं हसू मावळलं.

गोष्ट हिंदुस्थानातल्या राजाची, पण ती लिहून ठेवली अरबी भाषेने. तेराव्या शतकातल्या इब्न खल्लिकान या चरित्रकाराच्या ग्रंथात ती आहे आणि शहाण्याचं नाव तिथे सिस्सा असं येतं. त्याच्याही आधी, इसवी सन १००० च्या सुमारास, अल् बिरुनीने हा हिशेब मांडून दाखवला होता. पुढे हिंदुस्थानावर मोठा ग्रंथ लिहिणारा तोच हा अल् बिरुनी. चौसष्ट वेळा दुप्पट करत बसू नका, असं त्याचं सांगणं. १६ घ्या, त्याचा वर्ग करा, आलेल्या उत्तराचा पुन्हा वर्ग करा, असं चारदा करा आणि शेवटी एक वजा करा. चार गुणाकार आणि एक वजाबाकी, की काम झालं.

उत्तर येतं ते असं : १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५.

रेडिओवर बोलताना हा आकडा एकेक अंक करून वाचावा लागला. इथे तो छापलेला आहे, बोटाने मोजून पाहा. वीस अंक आहेत. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त एकं, दहं, शतं करत शेवटचं नाव येतं ते परार्ध. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. आपली संख्या सुमारे १८४ परार्ध आहे, म्हणजे नावं संपली तरी दाणे उरतात. गव्हाच्या हजार दाण्यांचं वजन सुमारे ४० ग्रॅम धरलं, तर हे सगळे दाणे ७३ हजार कोटी टनांहून जास्त भरतात. अलीकडे साऱ्या जगात मिळून वर्षाला साधारण ८० कोटी टन गहू पिकतो. म्हणजे सिस्साला द्यायचा गहू पिकवायला आजच्या जगाला नऊशेहून अधिक वर्षं लागतील, आणि तेवढी वर्षं कुणी चपाती खायची नाही.

गोष्ट इथे संपते. मोठ्या आकड्याने दिपून जायचं आणि घरी जायचं. मला आज बोलायचं आहे ते त्यापुढचं. संख्येला ‘तू केवढी?’ असा एक प्रश्न विचारता येतो, तसा दुसराही विचारता येतो : ‘तू कशाची बनलेली आहेस?’ पहिल्या प्रश्नाचं उत्तर राजाच्या कारकुनालाही देता आलं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळायला जगाला आणखी बरीच शतकं लागली, आणि आज आपल्या सगळ्यांच्या खात्यातले पैसे त्याच प्रश्नाच्या अवघडपणावर विसंबून आहेत.

मी कवी आहे, पदवी कलाशाखेची. गणिताचं पुस्तक दहावीनंतर हातात धरलेलं नाही. पण कवितेत मोजणं आणि तोडणं दोन्ही असतं. वृत्तातली ओळ हातात घ्यायची, लघु-गुरू लावायचे, य म त र ज भ न स अशा गणांत ती फोडायची आणि कशाची बनली आहे ते पाहायचं. संख्यांचंही तसंच आहे. १२ म्हणजे २ गुणिले २ गुणिले ३. ३५ म्हणजे ५ गुणिले ७. पण ७ फोडता येत नाही, १३ येत नाही, २९ येत नाही. त्यांना एक आणि ती संख्या स्वतः, यांच्याखेरीज कुणाचाही पूर्ण भाग जात नाही. अशा संख्यांना आपण मराठीत मूळ संख्या म्हणतो. उर्दूत ‘मुफ्रद’ म्हणतात, म्हणजे एकट्या, सुट्या. आणि फुटणाऱ्या संख्यांना ‘मुरक्कब’, म्हणजे जोडून बनलेल्या. मला दोन्ही शब्द आवडतात. एक त्या संख्यांचं काम सांगतो, दुसरा त्यांचा स्वभाव.

मूळ संख्या कधी संपत नाहीत, हे युक्लिडने इसवी सनापूर्वी तीनशेच्या आसपास सिद्ध करून ठेवलं आहे. आणि कुठलीही संख्या कुणीही फोडली, कशीही फोडली, तरी शेवटी हाती येणारे मूळ अवयव तेच असतात. एकाच शेराचे दोन अर्थ निघतात, त्यावरून मैफलीत भांडणंही होतात. संख्येच्या बाबतीत ते होत नाही. बारा माझ्याकडे आले काय आणि तुमच्याकडे आले काय, आत दोन दोन आणि एक तीनच सापडणार.

आता पट समोर घ्या आणि सिस्साची संख्या फोडू. त्यासाठी पटच मधोमध कापायचा. खालच्या चार ओळींत ३२ घरं आणि वरच्या चार ओळींत ३२ घरं. वरच्या अर्ध्यातलं प्रत्येक घर खालच्या अर्ध्यातल्या आपल्या जोडीदार घरापेक्षा बत्तीस पावलं पुढे आहे, म्हणजे त्यातले दाणे बत्तीस वेळा दुप्पट झालेले आहेत. बत्तीस वेळा दुप्पट म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ पट. तेव्हा खालच्या अर्ध्यातला सगळा गहू एक वाटा मानला, तर वरच्या अर्ध्यात तसे ४,२९,४९,६७,२९६ वाटे आहेत. दोन्ही मिळून ४,२९,४९,६७,२९७ वाटे. झाला आपल्या संख्येचा एक अवयव.

राहिला खालचा अर्धा पट. तोही तसाच कापा. दोन ओळी खाली, दोन ओळी वर. आता मधलं अंतर सोळा घरांचं, म्हणजे ६५,५३६ पट. त्यात खालचा एक वाटा मिळवला की ६५,५३७. मग खालच्या दोन ओळी कापून एक एक ओळ करा : २५६ अधिक एक, २५७. मग एक ओळ कापून चार चार घरं करा : १६ अधिक एक, १७. चार घरांची दोन दोन करा : ४ अधिक एक, ५. शेवटच्या दोन घरांत एक आणि दोन मिळून तीन दाणे. म्हणजे वीस अंकांची ती संख्या अशी उलगडली :

३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७ × ४,२९,४९,६७,२९७.

कागद नको, पेन्सिल नको, नुसता पट आणि सुरी. यातले ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ हे पाचही मूळ आहेत. खालच्या अर्ध्या पटावरचा सगळा गहू म्हणजे नेमका या पाचांचा गुणाकार, ४,२९,४९,६७,२९५ दाणे. याच पाच संख्यांशी भूमितीचीही गाठ आहे. पट्टी आणि कंपास एवढ्याच साधनांनी सतरा समान बाजूंची आकृती काढता येते, हे गाउसने १७९६ साली शोधलं तेव्हा त्याच्या वयाला एकोणीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती. गव्हाची गोष्ट आणि सतरा कोनांची आकृती यांचा एकमेकींशी काही संबंध असेल असं कुणाला वाटलं असतं का? दोन्हींच्या पोटात १७ निघाला.

मग सहावा अवयव? ४,२९,४९,६७,२९७ हाही मूळ आहे, असं फ्रान्समधल्या फर्माचं मत होतं. सतराव्या शतकातला हा गृहस्थ व्यवसायाने कायद्याचा माणूस. गणित त्याने आवडीपोटी केलं आणि मोठमोठ्या गणित्यांना शतकानुशतकं कामाला लावलं. ३, ५, १७, २५७, ६५,५३७ अशी रांग त्याला दिसली आणि पुढचे सगळे असेच मूळ निघणार असं त्याला वाटलं. सिद्धता मात्र त्याच्यापाशी नव्हती. १७३२ साली ऑयलरने दाखवून दिलं की या संख्येला ६४१ ने पूर्ण भाग जातो आणि भागाकार येतो ६७,००,४१७.

त्याला ६४१ सापडला कसा? ऑयलरने पुढे सिद्ध केलं की या विशिष्ट संख्येला मूळ अवयव असलाच, तर तो ६४ च्या पटीत एक मिळवून होणाराच असणार. म्हणजे ६५, १२९, १९३, २५७ अशी रांग लावायची आणि त्यांतले मूळ तेवढे वापरून भाग देऊन पाहायचा. या रांगेत ६४१ दहावा येतो. मधले मूळ नसलेले वगळले, तर खरे भागाकार पाचच करावे लागतात. एका दुपारचं काम, पण आधी रांग कुठे लावायची हे कळलं पाहिजे.

आता सिस्साची संख्या पूर्ण उघडी झाली :

३ × ५ × १७ × २५७ × ६४१ × ६५,५३७ × ६७,००,४१७.

सात मूळ संख्या, त्यांच्यापलीकडे काही नाही. हा गहू तीन वारसांत समान वाटता येईल, पाचांत वाटता येईल, सतरांतही वाटता येईल. सात जणांत वाटायला गेलात तर एक दाणा उरेल आणि भावाभावांत कोर्टकचेरी होईल.

इथपर्यंत वाचून कुणालाही वाटेल की एवढी अजस्र संख्या जर अशी सुटते, तर अवयव पाडणं सोपंच असलं पाहिजे. म्हणून आता पटाला आणखी तीन घरं जोडू. चौसष्टाची सदुसष्ट घरं. दाणे होतील १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. सुमारे आठपट. अंकांची संख्या वीसवरून एकवीस झाली, एवढाच फरक.

पण आता सुरी चालत नाही. ६५ घरांचे तेरा तेराचे पाच तुकडे पडले असते, ६६ चे दोन सारखे भाग झाले असते. ६७ ही संख्या स्वतःच मूळ. पट कुठूनही कापा, तुकडे सारखे पडत नाहीत. मग पट कापता येत नाही म्हणजे दाण्यांची संख्याही मूळच असेल का? तसा नियम नाही. सात घरांचा पट घेतला तर १२७ दाणे होतात आणि १२७ मूळ आहे. अकरा घरांचा घेतला तर २,०४७ होतात आणि ती संख्या २३ गुणिले ८९ अशी फुटते. घरांची संख्या मूळ असली की उत्तर दोन्हींपैकी काहीही निघू शकतं.

अशा संख्यांची यादी १६४४ साली मार्सेन या फ्रेंच पाद्र्याने छापली. घरांची संख्या २५७ पर्यंत घेऊन कुठे कुठे मूळ संख्या मिळते ते त्याने नोंदवलं, आणि त्यात ६७ होता. सव्वादोनशेहून अधिक वर्षं तो त्या यादीत राहिला. १८७६ साली लुका नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने एक वेगळी कसोटी लावली आणि सांगितलं, ही संख्या मूळ नाही. मग अवयव कोणते? ते लुकालाही सांगता येत नव्हतं. त्याची कसोटी संख्या फुटते की नाही एवढंच सांगत होती. घरात चोर शिरला आहे हे पक्कं कळावं आणि कुठल्या खोलीत आहे ते कळू नये, तशातली गत.

चोर सापडायला आणखी सत्तावीस वर्षं गेली. ३१ ऑक्टोबर १९०३ रोजी न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या बैठकीत कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक फ्रँक नेल्सन कोल यांनी मोठ्या संख्यांच्या अवयवांवर निबंध सादर केला. त्या सादरीकरणाची हकिकत ई. टी. बेल या लेखकाने पुढे लिहून ठेवली आहे. बेल रंगवून सांगणारा माणूस होता, हे ध्यानात ठेवून ऐका. कोल फळ्यापाशी गेले, एक शब्दही बोलले नाहीत. फळ्याच्या एका बाजूला त्यांनी दोनाचा सदुसष्टावा घात हाताने काढला आणि त्यातून एक वजा केला. दुसऱ्या बाजूला दोन संख्या लिहिल्या, १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७, आणि शाळकरी मुलासारखा सावकाश गुणाकार केला. दोन्ही उत्तरं जुळली. खडू ठेवून ते जागेवर जाऊन बसले आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या. पुढे १९११ साली बेलने त्यांना विचारलं, किती दिवस लागले? कोल यांचं उत्तर होतं, तीन वर्षांचे रविवार.

ऑयलरच्या रांगेसारखी रांग इथेही लावता येते. या संख्येचा मूळ अवयव १३४ च्या पटीत एक मिळवून होणाराच असावा लागतो. त्या रांगेत ६४१ सारखा दहावा नंबर लागला असता तर कोल दुपारच्या चहाआधी मोकळे झाले असते. पण त्यांचा धाकटा अवयव रांगेत चौदा लाख पंचेचाळीस हजार पाचशे ऐंशीवा आहे. रांगेतल्या प्रत्येकाने भाग देऊन पाहायचा, एका भागाकाराला पाच मिनिटं आणि रोज आठ तास धरले, तर एक्केचाळीस वर्षं लागतात. बाकीच्या कसोट्या लावून उमेदवारांचे थवेच्या थवे आधी बाद करायचे, अशी युक्ती कोल यांनी लढवली, म्हणून एक्केचाळीस वर्षांचं काम काही वर्षांच्या रविवारांत बसलं.

मित्रहो, या हकिकतीतली मला भावलेली गोष्ट पुढची आहे. ते दोन अवयव शोधायला तीन वर्षं लागली, पण ते खरे आहेत हे भरलेल्या सभेला एका बैठकीत पटलं. एका दिशेने वाट उतरणीची, उलट दिशेने उभा कडा. गहू दळायला घटकाभर पुरते, पण पिठाचे पुन्हा दाणे कोण करून देणार? गुणाकार हे संख्यांचं दळण आहे. पिठातून दाणे परत मिळतात खरे, पण कोलसारख्याला, आणि पुष्कळ रविवार खर्चून.

हे सगळं मी का सांगतो आहे? माझी मोठी बहीण शिक्षिका होती, आता निवृत्त आहे. निवृत्तिवेतन बँकेत जमा होतं आणि मुलाने तिला मोबाईलवरून पैसे पाठवायला शिकवलं आहे. एकदा तिने मला विचारलं, “अरे, मी पैसे पाठवते ते हवेतूनच जातात ना? मग मधे कुणी वाचलं तर?”

मी म्हटलं, “आपा, मधे कुलूप असतं.”

“कुलूप असतं तर किल्लीही पाठवावी लागत असेल. ती कुणी पळवली तर?”

आपाचा प्रश्न साधा नव्हता. हजारो वर्षं सगळे राजे आणि सेनापती याच प्रश्नाशी अडले होते. गुप्त निरोप पाठवायचा तर किल्ली आधी पोहोचवावी लागते, आणि किल्ली नेणारा वाटेत पकडला गेला की सगळं संपलं. यावरचं एक उत्तर १९७७ साली अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी दिलं. त्यांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून त्याला आरएसए म्हणतात. चौकातली पोस्टाची पेटी डोळ्यांपुढे आणा. पत्र कुणीही टाकू शकतो, काढू शकतो तो फक्त किल्लीवाला. दोन प्रचंड मूळ संख्या घ्यायच्या, त्यांचा गुणाकार करायचा आणि तो गुणाकार साऱ्या जगाला उघड सांगायचा. ही झाली पेटी. त्या गुणाकाराच्या आधाराने कुणीही निरोप बंद करू शकतो. उघडायला मात्र आतल्या दोन मूळ संख्या माहीत असाव्या लागतात. त्या पेटीच्या मालकापाशीच राहतात, त्यांना प्रवास करावाच लागत नाही. चोराला हव्या असतील तर त्याने खुशाल अवयव पाडावेत. कोल यांनी सगळे रविवार घालवून जे केलं ते त्याने करावं.

पण कुलूप किती मोठं हवं? १९७७ च्या ऑगस्टमध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात १२९ अंकांची एक संख्या छापली आणि ती फोडून आतला निरोप वाचणाऱ्याला शंभर डॉलरचं बक्षीस जाहीर झालं. हे कुलूप फोडायला लक्षावधी वर्षं लागतील, असं लेखाच्या मथळ्यातच म्हटलं होतं. लागली सतरा. १९९४ च्या एप्रिलमध्ये, इंटरनेटवरून एकत्र आलेल्या सुमारे सहाशे स्वयंसेवकांनी आपापल्या संगणकांवर काम वाटून घेऊन ती फोडली. आत एक ६४ अंकी आणि एक ६५ अंकी मूळ संख्या निघाली. निरोप काय होता, तर जादूचे शब्द म्हणून एका गिधाडाचं नाव, आणि तेही हाडं फोडून खाणाऱ्या पण चटकन शिसारी येणाऱ्या गिधाडाचं! एवढी मेहनत करून असा निरोप निघाल्यावर कुणी कपाळावर हात मारला असेल. मी कवी असल्यामुळे मला तो फार आवडला.

लोक सावध झाले आणि कुलपं मोठी झाली. २०२० च्या फेब्रुवारीत २५० अंकांची अशीच एक संख्या फोडली गेली, तेही हजारो संगणकांचं बळ एकवटून. कोल यांची एकवीस अंकी संख्या आजचा साधा संगणक डोळ्याचं पातं लवायच्या आत फोडतो. पण आज वापरात असलेली आरएसएची नेहमीची कुलपं ६१७ अंकांची असतात, आणि तशी एकही नीट बनवलेली संख्या फोडल्याचं कुणी दाखवलेलं नाही. बँका आणि मोबाईल आणखी वेगळ्या जातीची कुलपंही वापरतात, पण तत्त्व तेच : घालायला सोपं, उलगडायला कठीण.

यात आपल्या देशाचंही एक पान आहे. २००२ साली कानपूरच्या आयआयटीत मणींद्र अग्रवाल यांनी नीरज कयाल आणि नितीन सक्सेना या दोन विद्यार्थ्यांसह एक पद्धत शोधली. एखादी संख्या मूळ आहे की नाही हे तिने बिनचूक कळतं, आणि संख्या मोठी झाली तरी वेळ आवाक्याबाहेर वाढत नाही. जगभर तिचं कौतुक झालं. काहींना धास्तीही वाटली, की आता बँकांची कुलपं उघडणार. तसं झालं नाही. या पद्धतीनेही चोर घरात आहे की नाही एवढंच कळतं. कुठल्या खोलीत आहे, ते लुकाच्या वेळेसारखंच वेगळं शोधावं लागतं.

मग आपाला मी काय सांगायचं? खरं ते सांगायचं. अवयव पाडायची झटपट रीत नाहीच, असं आजवर कुणीही सिद्ध केलेलं नाही. इतकी माणसं इतकी वर्षं शोधत आहेत आणि नेहमीच्या संगणकांवर चालेल अशी रीत कुणाला सापडलेली नाही, एवढ्याच भरवशावर कुलूप उभं आहे. शिवाय १९९४ सालीच पीटर शोर यांनी दाखवून दिलं की क्वांटम संगणक नावाचं वेगळ्या तत्त्वावरचं यंत्र पुरेसं मोठं झालं, तर हे काम झपाट्याने करेल. तेवढं मोठं यंत्र अजून झालेलं नाही, पण कुलूपवाले थांबलेले नाहीत. अवयवांवर न विसंबणाऱ्या नव्या कुलपांची प्रमाणं अमेरिकेच्या सरकारी मानक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये प्रसिद्ध केली आणि बदल सुरू झाला.

आणि आणखी एक गोष्ट मी आपाला बजावून सांगितली. ६१७ अंक फोडण्याच्या भानगडीत साधा चोर पडत नाही. तो फोन करतो, बँकेतून बोलतोय म्हणतो, गोड बोलतो आणि ओटीपी विचारतो. ज्या दारासाठी साऱ्या जगाचे गणिती राबले ते तसंच बंद राहतं, आणि आपण आतून हात घालून कडी काढून देतो. संख्या आपलं काम चोख करते. उरलेलं काम आपलं आहे.

आज रविवार आहे. कोल यांनी कितीतरी रविवार दिले, आपण अर्धा तास देऊ. एक कागद घ्या आणि ६४१ ने ६७,००,४१७ ला गुणून पाहा. पाच मिनिटांत ऑयलरची संख्या हाती येईल. मग आपल्या मोबाईलचा दहा अंकी नंबर लिहा आणि त्याचे मूळ अवयव शोधायला बसा. २ ने भाग जातो का, ३ ने, ५ ने, ७ ने, असं करत. नशीब चांगलं असेल तर लवकर सुटाल. तो नंबर स्वतःच मूळ निघाला, तर तशी खात्री व्हायला एक लाखाच्या आतल्या जास्तीत जास्त ९,५९२ मूळ संख्यांनी भाग देऊन पाहावा लागेल. हात दुखायला लागला की थांबा. आपला कागद दहाच अंकांचा होता, आणि बँकेच्या दारावर लिहिलेले अंक सहाशे सतरा आहेत.